अठ्ठाविसाव्या दिवशी

ठोकळा फुटतो तेव्हा आधी आवाज येत नाही,
आधी काटा थबकतो.
जिफाने मला हे पहिल्याच आठवड्यात शिकवलं.
"काट्याकडे बघ, बोआडू. आवाज काय, कुणीही ऐकेल."

ओटी नदीवरच्या पुलाचे ठोकळे आमच्याकडे यायचे,
अंगावर निळ्या खडूने खांबाचा नंबर, तारीख.
अठ्ठावीस दिवस टाकीत पाण्याखाली झोपायचे,
मग यंत्राखाली.
तीस हवे होते.
तिसऱ्या खांबाचे आले चव्वेचाळीस, पंचेचाळीस,
पुन्हा चव्वेचाळीस.

मी सही केली. शिक्का मारला.
खूश होऊन मारला, हेही सांगायला हवं.

जिफाने फुटका तुकडा बोटांत फिरवला,
नखाने खरवडला, जिभेला लावला.
म्हणाली, "इतकं गोड कोण बोलतं रे?
हा खांबाचा नाही. हा परीक्षेपुरता केलेला."

तिचं घर तेव्हा छातीपर्यंत आलं होतं.
सहा वर्षं, दर पगाराला दोन ओळी विटा,
वर उघड्या गजांची टोकं.
एका शनिवारी तिथे ट्रक लागला.
साठ पोती सिमेंट, नीट रचलेलं,
चिठ्ठीसुद्धा नाही.
दुसऱ्या दिवशी ठेकेदाराचा माणूस अग्बेन्यो
चर्चबाहेर भेटला, मुलांची चौकशी केली,
यंदा पाऊस लवकर आहे म्हणाला,
छप्पर टाकून घ्या.
पुलाचं नावही काढलं नाही त्याने.

ओटीची ओटी वाळूने भरलेली,
जिफाची सिमेंटने.

सोमवारी तिने एक पोतं प्रयोगशाळेत आणून फोडलं,
त्याच मापाने ठोकळे केले
आणि अठ्ठावीस दिवस गप्प राहिली.
तेवढ्यात मी चारदा तरी म्हणालो असेन,
एकोणसाठ उरलीत ना,
तुझ्याच घराला लागतील.

काटा चव्वेचाळीसवर थबकला.

मग ती ड्रिल घेऊन वुंबेईच्या होडीतून गेली,
वाळवंटाकडून धूळ येते त्या दिवसांत,
तिसऱ्या खांबाच्या पोटातून
एक नळकांडं काढून आणलं.
यंत्रापर्यंत ते धड पोचलंच नाही.
टेबलावर ठेवताना कडेची वाळू सांडली.

माझ्या सहीवर तिने एक आडवी रेघ मारली,
खाली स्वतःचं नाव लिहिलं.
माझं नाव वाचता येईल इतपत ठेवलं.

खांब फोडला. पूल दोन पावसाळे लांबला.
गावाने जिफाचे उपकार मानले
असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं.
बाजाराच्या दिवशी कोनफळांची टोपली डोक्यावर घेऊन
बायका होडीची वाट बघायच्या,
तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोलायच्या.
आणि एका रात्री वुंबेई पलीकडच्या काठाला असताना
त्याच्याच सुनेचं बाळ
अलीकडच्या काठावर जन्मलं, काठावरच गेलं.
जिफा त्यांच्या घरी गेली.
दार कुणी उघडलं नाही.
ती बराच वेळ उभी होती, मी दुरून पाहिलं,
पुढे झालो नाही.

त्यांच्या भाषेत जिफा म्हणजे निवलेलं मन.
तिचं निवलं का, मी विचारलेलं नाही.

पोती परत न्यायला कुणी आलं नाही.
पावसात ती पोत्याच्याच आकाराचे दगड झाली,
कागद गळून गेला,
शिवणीच्या खुणा मात्र राहिल्या.
तिची धाकटी त्यांवर बसून पाढे म्हणते.
भिंत अजून छातीपर्यंतच.

परवा पूल उघडला.
मी चालत गेलो, तिसऱ्या खांबावर थांबलो.
मागून कोनफळांचा ट्रक आला,
पायाखालून किंचित थरथर गेली,
तेवढी जायलाच हवी असते, हे मला माहीत आहे.
तरी मी कठड्याला धरून उभा राहिलो,
खाली बघत,
जणू पाण्यात कुठे काटा असेल.